नॉट ओन्ली वसई, बट ऑल्सो विरार

इंग्रजी व्याकरणात काही शब्द ब्रह्मचारी असतात. 'अँड' घ्या. कुठंही एकटा जातो, दोघांच्या मध्ये उभा राहतो, याचा हात त्याच्या हातात देतो आणि आपण नामानिराळा होतो. 'बट'ही तसाच सडाफटिंग. फक्त तो हात देण्याऐवजी दोघांत भांडण लावून देतो. पण काही शब्द जन्माला येतानाच जोडीदार घेऊन येतात. 'आयदर' आला की मागून 'ऑर' आलाच पाहिजे. 'नायदर'मागं 'नॉर', 'नॉट ओन्ली'मागं 'बट ऑल्सो', 'नो सूनर'मागं 'दॅन' आणि 'बोथ'मागं 'अँड'. म्हणजे इथं तो ब्रह्मचारीसुद्धा संसाराला लागतो! यांतला एक आला आणि दुसरा आलाच नाही, की लग्नाला नवरा एकटाच आल्यावर होतं तसं होतं. जेवण राहतं बाजूला, जो तो विचारतो, "वहिनी नाही आल्या?"

मराठीत या मंडळींना उभयान्वयी अव्यय म्हणतात. शाळेत असताना मला हे एखाद्या दशग्रंथी ब्राह्मणाचं नाव वाटायचं. "वेदमूर्ती उभयान्वयी गुरुजी आलेत, पाट मांडा." पण नाव कितीही भारदस्त असलं तरी काम गावच्या मध्यस्थाचं. दोन घरं जोडून द्यायची आणि चहा घेऊन उठायचं.

खरं म्हणजे या जोड्यांना मराठी माणसानं घाबरायचं काही कारण नाही. 'खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी' हा आपला घरचा 'आयदर-ऑर' आहे. 'तेलही गेलं, तूपही गेलं' हा 'बोथ-अँड'. 'धड ना इकडे, धड ना तिकडे' हा 'नायदर-नॉर', आणि तो तर आपल्याला अंगवळणीच पडलेला. उलट जोड्या लावण्याच्या बाबतीत मराठी ही इंग्रजीची थोरली जाऊ शोभेल. जो आला की तो, जसा की तसा, जेव्हा की तेव्हा, जिथं की तिथं, जितका की तितका, जर की तर आणि जरी की तरी. मराठीत एकही 'ज' आपल्या 'त'शिवाय घराबाहेर पडत नाही.

आणि मराठी माणसाची खरी पंचाईत इथंच होते. इंग्रजाचा 'व्हेन' एकटा काम भागवतो. पण आपल्या डोक्यात 'जेव्हा'मागून 'तेव्हा' निघालेला असतो, म्हणून आपण लिहितो, 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, देन द ट्रेन हॅड लेफ्ट'. आपल्या 'जरी'ला 'तरी' लागतो, म्हणून 'दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट'. इंग्रजी मास्तर त्या 'देन'वर आणि 'बट'वर लाल रेघ ओढतात. त्या बिचाऱ्यांचा गुन्हा काय, तर आपल्या जोडीदाराच्या ओढीनं ते मराठीतून चालत इंग्रजीपर्यंत गेले! जिथं जोडी लागत नाही तिथं आपण ती नेतो आणि जिथं लागते तिथं, म्हणजे 'नॉट ओन्ली'नंतर, 'बट ऑल्सो' फलाटावर विसरून येतो.

फलाट म्हटल्यावर रुळांकडे वळायला हरकत नाही. मी तीसेक वर्षं वसईहून चर्चगेटला नोकरीसाठी गेलो. त्यातली निम्मी वर्षं उभ्यानं गेली आणि उरलेली चौथ्या सीटवर, म्हणजे ना धड उभा, ना धड बसलेला. त्या प्रवासात एक गोष्ट मला कळली, ती कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा रुळांनी जास्त चांगली सांगितली. आपल्याकडच्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं. चर्चगेटला तेवढंच, विरारलाही तेवढंच. एका रुळाला मधेच वाटलं की आपण जरा समुद्रावरून जाऊन येऊ, तर पुढची हकीकत वर्तमानपत्रात वाचावी लागेल.

जोडशब्दांचं असंच आहे. पहिल्यामागं जे आलं, त्याच जातीचं दुसऱ्यामागं यायला हवं. इथं नाम तर तिथं नाम, इथं क्रियापद तर तिथं क्रियापद. 'ही नॉट ओन्ली ईट्स बनानाज बट ऑल्सो ड्राय फिश' असं म्हटलं, की 'नॉट ओन्ली'मागं क्रियापद आहे आणि 'बट ऑल्सो'मागं नुसताच सुका बोंबील. गाडी घसरली! 'ही ईट्स नॉट ओन्ली बनानाज बट ऑल्सो ड्राय फिश' म्हटलं, की दोन्हीकडे नाम आलं. केळी आणि बोंबील समोरासमोर बसले आणि गाडी सुटली. वसईत ही दोन्ही एकाच बाजारात मिळत असल्यामुळं उदाहरणाला तोटा नाही.

किंवा आमच्या गावाचंच नाव घ्या. 'बोथ इन वसई अँड विरार' हे चूक. एक 'इन' वसईला दिलात, तर विरारनं काय घोडं मारलंय? एक तर 'बोथ इन वसई अँड इन विरार' म्हणा, नाही तर तो 'इन' दोघांच्या सामाईक खात्यात टाकून 'इन बोथ वसई अँड विरार' म्हणा. भावाभावांच्या वाटणीसारखं आहे हे. एकाला ओटी दिली तर दुसऱ्यालाही द्या, नाही तर ओटी सामाईक ठेवा.

शिवाय 'बोथ'च्या पंगतीला पानं दोनच. तिसरा आला की वाढपी हात वर करतो. २००९ साली इथं महानगरपालिका झाली तेव्हा वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपालिका एकत्र आल्या. पाटीवर नाव लागलं वसई-विरार! आता सोपारा हे काही कालचं गाव नव्हे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना तिथं सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पण 'बोथ' पुढं सम्राट अशोकाचंही काही चालत नाही.

तुम्ही म्हणाल, वसईच्या माणसानं केळी, विड्याची पानं, फार तर विरार लोकल यांवर लिहावं. याला इंग्रजी व्याकरणाची उठाठेव कुणी सांगितली? पण मंडळी, मराठी व्याकरणाचा उगमच आमच्या अंगणात आहे. वसईजवळ तर्खड नावाचं गाव आहे. तर्खडकरांचं मूळ घराणं इथलं. दादोबा पांडुरंग तर्खडकर जन्मले मुंबईत, १८१४ साली. पण आडनावातून तर्खड सुटलं नाही. दादोबांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि पुढं लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. म्हणजे मराठी पोरांच्या चार-पाच पिढ्यांनी ज्यांच्या नावानं बोटं मोडली, त्या शास्त्राची एक मुळी आमच्याकडची.

बरं, एवढ्यावर थांबतील तर ते तर्खडकर कसले! दादोबांचे भाऊ भास्कर यांनी १८४१ साली इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहून इंग्रजांना त्यांच्याच भाषेत त्यांच्या कारभाराचा हिशेब विचारला. दुसरे भाऊ डॉक्टर आत्माराम यांच्या पुढाकारानं १८६७ साली प्रार्थना समाज निघाला. १८७८ साली विलायतेला निघालेला एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून याच डॉक्टरांच्या घरी राहिला आणि त्यांची मुलगी अन्नपूर्णा हिनं त्याला इंग्रजी शिकवलं. मुलाचं नाव रवींद्रनाथ टागोर. 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' शिकवायला यापेक्षा मोठं घराणं कुठून आणायचं? आणि तर्खडकरांचीच भाषांतर पाठमाला! एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली वाक्यं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करता करता आमच्या आधीच्या पिढ्या मॅट्रिक झाल्या.

इतिहासानंही वसईत याच जोड्या गिरवल्या. १७३९ साली वेढा लांबला तेव्हा चिमाजी अप्पा म्हणाले, की किल्ला घेता येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझं मस्तक तरी किल्ल्यात पडू दे. ही कथा वसईतलं प्रत्येक पोर ऐकतं. हा शुद्ध 'आयदर-ऑर'. मे महिन्यात किल्ला हाती आला आणि दुसऱ्या पर्यायाची गरज पडली नाही. पुढं १८०२ साली होळकरांकडून हडपसरला हरलेले दुसरे बाजीराव याच वसईत आले आणि त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करणारा तह केला. तारीख होती ३१ डिसेंबर! त्या तारखेला वसईत येऊन माणसं भलतंसलतं करून बसतात, ही परंपरा इतकी जुनी आहे. पुढं १८१८ साली ना राज्य राहिलं, ना पुणं. 'नायदर-नॉर'!

तर अशा पुण्यभूमीत मी निवृत्त होऊन घरी बसलो असताना खालच्या मजल्यावरची सूनबाई एक दिवस वही घेऊन आली. तिची सासू तिला सूनबाई म्हणते, म्हणून सगळी बिल्डिंगच म्हणते. नववीनंतर तिची शाळा सुटली, लग्न झालं, दोन मुलगे झाले. नवरा रिक्षा चालवतो आणि ही एका दवाखान्यात रोजंदारीवर आया आहे. दवाखान्यात म्हणाले, दहावीचं सर्टिफिकेट आणलंत तर कायम करण्याचा विचार करू. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय ती वाचून करणार होती. इंग्रजीपाशी गाडी अडली.

"काका, हे 'नो सूनर' काय असतं हो?" तिनं विचारलं. "नो म्हणजे नाही. सून म्हणजे लवकर. लवकर नाही, म्हणजे उशिरा ना?"

तर्कशास्त्र बिनतोड होतं. मला मात्र त्या शब्दाची वेगळीच गंमत वाटली. इंग्रजीत 'सून' म्हणजे लवकर! हा शब्द कुठल्या तरी सासूनंच भाषेत घातला असणार.

मी म्हटलं, "नाही गं. 'गाडी येते न येते तोच' म्हणतो ना आपण, तसं. आता 'येते न येते' म्हणजे ती आली की नाही, हे तरी कुणाला कळतं?"

"हां हां," ती म्हणाली, "म्हणजे आमच्या घरचं. मी टेकते न टेकते तोच सासूबाईंची हाक."

आणि तिनं वाक्य लिहिलं, 'नो सूनर डिड आय सॅट दॅन माय मदर-इन-लॉ कॉल्ड मी.' 'डिड' आणि 'दॅन' पहिल्या फटक्यात जागेवर! फक्त 'सॅट' राहिला होता. मी सांगितलं, 'डिड' आला की पुढच्या क्रियापदानं आपला भूतकाळ चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवायचा. तिनं 'सॅट'चा 'सिट' केला. पुढं ती असली वाक्यं घरच्या हकिकतींतूनच करू लागली आणि महिन्याभरात तिच्या घरात काय चाललंय ते मला अस्खलित इंग्रजीत कळायला लागलं.

'नायदर-नॉर'ला क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणं चालतं, हे तिला एकदा सांगितल्यावर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. 'नायदर माय हजबंड नॉर माय सन्स हेल्प मी.' मुलगे जवळ, म्हणून 'हेल्प'. उलटं केलं, मुलगे आधी आणि नवरा शेवटी आणला, की 'हेल्प्स'. मराठीतही 'भाऊ किंवा बहीण आली' असंच म्हणतो आपण.

"म्हणजे घरात मोठं कुणी का असेना, जो जवळ उभा त्याचं ऐकायचं," ती म्हणाली. "मला येतं ते. दहा वर्षं तेच करतेय."

आमची ही स्वयंपाकघरातून सगळं ऐकत असे. आमच्याकडे 'आयदर-ऑर'चा प्रयोग रोज होतो. "एक तर आत्ता अंघोळीला जा, नाही तर पाणी जाईल." यात पर्याय असा एकच; 'नाही तर'पुढचा भाग निव्वळ व्याकरणाची गरज म्हणून येतो. प्रश्नपत्रिकेत 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' असा प्रश्न असतो, सांगितल्याप्रमाणं करा. त्याचे पैकीच्या पैकी मार्क मी लग्नापासून मिळवत आलो आहे.

डिसेंबरात सूनबाई आठवडाभर आलीच नाही. मग एका संध्याकाळी आली ती वही न घेता. घरात बोलाचाली झाली होती. नवरा म्हणाला होता, "एक तर दवाखाना कर, नाही तर परीक्षा दे. दोन्ही करशील तर घर कोण बघणार?" माणूस वाईट नव्हता. रात्रीची रिक्षा चालवून सकाळी घरी यायचा तेव्हा ही ड्यूटीवर निघालेली असे. मुलांचे डबे, सासूबाईंचं औषध, पाणी भरणं. त्याचाही हिशेब खोटा नव्हता. सासूबाईंनी तर एकच सांगितलं होतं, "दहावी होऊन काय कलेक्टर होणारेस?"

माझ्यापाशी यावर व्याकरणाचं काही उत्तर नव्हतं. मी गप्प बसलो. ही चहा ठेवायला उठली.

सूनबाई म्हणाली, "काका, 'आयदर-ऑर'च्या वाक्याचं 'नॉट ओन्ली बट ऑल्सो' करता येतं का हो?"

मी म्हटलं, "करता येतं, पण अर्थ बदलतो. पेपरात 'अर्थ न बदलता' असं लिहिलेलं असतं. तिथं नाही चालणार."

"इथं तसं कुठं लिहिलंय?" ती म्हणाली. "मला अर्थच बदलायचाय."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. वहीत वाक्य होतं, 'आय शॅल नॉट ओन्ली वर्क इन द हॉस्पिटल बट ऑल्सो पास द एक्झाम.' दोन्हीकडे क्रियापद. १६७६ मिलिमीटर!

मग तिनं हाच नियम घरात लागू केला. "काका, 'नॉट ओन्ली'मागं मी भांडी घासते, मुलांना उठवते, पाणी भरते. सगळी क्रियापदं. मग 'बट ऑल्सो'मागं यांच्याकडंही एखादं क्रियापद यायला नको का? सासूबाई तर नुसतं नाम घेऊन बसतात." माळेचा उल्लेख होता हा. पण व्याकरणाच्या दृष्टीनंही तक्रार अचूक होती.

बदल हळूहळू झाला. आधी नवऱ्याकडं 'डबे भरणं' आलं. मग 'पाणी भरणं' आलं. जानेवारीत एकदा मी जिन्यातून उतरत असताना सासूबाई धाकट्याला पाढे म्हणायला लावत होत्या. माळ दुसऱ्या हातात चालूच होती. म्हणजे नामही आणि क्रियापदही, 'बोथ-अँड'.

मार्चमध्ये परीक्षा झाली. इंग्रजीच्या पेपराला नवऱ्यानं रिक्षातून सेंटरवर सोडलं आणि तीन तास बाहेर थांबला. धंदा केला नाही. ती परत आली तेव्हा मी दारातच उभा होतो.

"आलं होतं का 'नॉट ओन्ली बट ऑल्सो'?"

"आलं होतं ना. एका मार्काला."

चार महिन्यांच्या तपश्चर्येला एक मार्क! मला त्या पेपर काढणाऱ्याचा मनस्वी राग आला. तिला नव्हता आला. "बरोबर लिहिलंय," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली. धाकट्यानं मला जिन्यातून ओरडून सांगितलं, की आज भात बाबांनी आधीच लावलाय.

इंग्रजीत तिला ४१ पडले. पासाला ३५ लागतात. म्हणजे बाकीचे सोडा, सहा मार्क शिलकीत! सर्टिफिकेटची नक्कल दवाखान्यात दिली आहे. कागद वर गेला आहे म्हणतात. वर गेलेल्या कागदाबद्दल मी काही बोलत नाही. तीस वर्षं मी असे कागद वर पाठवत होतो. ती मात्र बारावीच्या फॉर्मची चौकशी करून आली आहे.

परवा वसई स्टेशनवरून पापडीला जायला रिक्षा केली, तर नेमकी तिच्या नवऱ्याची. माझ्याबरोबर शेअरमध्ये दोन अनोळखी गृहस्थ बसले होते. अंबाडी रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली, तसा तो मागं वळून त्यांना म्हणाला, "साहेब, आमची बायको नुसती नोकरीच करत नाही, तर दहावीपण पास झाली." त्यांनी काही विचारलं नव्हतं.

मी सवयीनं वाक्य तपासून पाहिलं. 'नुसती'मागं 'करत नाही', 'तर'मागं 'पास झाली'. दोन्हीकडं क्रियापद होतं. पापडीला उतरताना मी पैसे पुढं केले, तर घेईना. म्हणाला, "काका, एक तर पैसे ठेवा खिशात, नाही तर..." आणि पुढं काय ते त्याला सुचेना. मागच्या रिक्षांचे हॉर्न सुरू झाले होते. 'नाही तर' तसाच अर्धवट टाकून तो निघून गेला.